पेशंटचं कोण?

कुठल्याही दवाखान्यात जा, दारातच पहिला सवाल येतो, "पेशंटचं कोण?" मग नवरा, बाप, भाऊ, जे कोण असेल ते पुढं सरकतं आणि बाकीच्यांना बाहेरच्या बाकावर बसवतात. सिस्टर म्हणून नोकरीला लागल्यापासून मी हा सवाल इतक्यांदा केलाय की झोपेतही तोंडातून निघेल. आमचे डॉक्टर मात्र तो कधी विचारायचे नाहीत. दुसऱ्या कुणी विचारला तर त्यांच्या कपाळाला आठी पडायची. पेशंटला काय होतंय हे कळायच्या आधी ते सोबतच्या घोळक्याकडं बघून विचारायचे, "डबा कोण आणणार?"

नवीन माणूस भांबावून जायचं. एकदा पोटदुखीनं वाकलेली म्हातारी त्यांना म्हणाली, "बाबा, मला घास गिळंना आणि तू डब्याचं काय काढलंस?" पण तिच्यामागून एक शेजारीण पुढं झाली आणि म्हणाली, मी आणीन. झालं. त्या क्षणापासून डॉक्टरांच्या लेखी शेजारीण ही पेशंटची. दुखणं काय आहे ते तिला समजावून सांगणार, सही तिची घेणार, खाटेशेजारचं स्टूल तिला देणार. पोटचा लेक दुपारनं मोटारसायकलवर आला तरी त्यानं शेजारणीला विचारायचं, आई कशी आहे म्हणून.

आखाडा बाळापूरला नांदेड रोडवर, खताच्या दुकानाला लागून आमचा दवाखाना होता. मोजक्या खाटा, एक ड्रेसिंगची खोली, पुढं ओपीडी. डॉक्टर, मी, आणि झाडलोट करणारी मावशी, एवढ्यावर सगळा कारभार चालायचा. डॉक्टर मूळचे वसमतचे, वडलांची हळदीची आडत. शिकले युक्रेनमध्ये, खारकीव्ह म्हणून शहर आहे तिथं. पंचक्रोशीत त्यांना युक्रेनचे डॉक्टर म्हणायचे. काही जण ते आदरानं म्हणायचे, काही जण इथं नंबर लागला न्हाई म्हणून तिकडं गेले अशा अर्थानं म्हणायचे. डॉक्टर दोघांनाही सांगायचे, नंबर लागला न्हाई म्हणूनच गेलो.

तिकडून येताना त्यांनी डिग्री आणली, तशा काही खोडीही आणल्या. दवाखान्याच्या दारात एक फडताळ होतं आणि त्यात कापडी सपाता, लहानमोठ्या सगळ्या मापाच्या. चपला बाहेर काढायच्या हे ठीक, ते आपल्याकडंही आहे. पण आत आल्यावर सपाता घालायच्या म्हणजे काय? तिकडं म्हणे पाहुण्याला दारातच सपाता देतात, अनवाणी फिरू देत नाहीत. बाजाराच्या दिवशी हमखास एखादा जोड गायब व्हायचा. एकदा मी आणि डॉक्टर बाजारातून चाललो होतो तर आमच्या सपाता घालून एक बाई वांगी विकत बसलेली. मी तोंड उघडणार तेवढ्यात डॉक्टर खाली वाकून तिला विचारतात, बीपीची गोळी घेता ना बराबर? सपातांचा विषयच नाही. वर किलोभर वांगी घेतली.

फुलांचंही तसंच. पंधरा ऑगस्टला सरपंचांनी त्यांचा सत्कार केला. गुच्छ हातात पडल्याबरोबर यांनी भर सभेत फुलं मोजली आणि एक उपसून काढलं. तिकडं जोडीची फुलं मयताला नेतात, जित्या माणसाला विषम द्यायची असतात. सरपंचांना वाटलं, फुलं किडकी निघाली की काय. उपसलेलं फूल डॉक्टरांनी मावशीला दिलं, तिनं ते अंबाड्यात खोचलं आणि दिवसभर मिरवलं. सरपंच मात्र महिनाभर आमच्या दारावरून गेले तरी आत बघायचे नाहीत.

आणि ते बसणं. कुणीही प्रवासाला निघालं की घरातल्या सगळ्यांनी, निघणाऱ्यासकट, घटकाभर गप बसायचं आणि मग उठायचं. ही तिकडची रीत. पेशंट नांदेडला पाठवायचा असला की डॉक्टर सगळ्यांना बसवायचे. अगदी गंभीर असेल तर नाही, एवढे काही ते खुळे नव्हते. पण हाडबिड मोडलेला असला की बसायचंच. अँब्युलन्सचा ड्रायव्हर कुरकुरायचा, मी गाडी सुरू करून राहिलो आणि तुमी बसून राहिले. मावशी लेकीकडं कळमनुरीला निघाली तरी तेच. तिची एसटी या बसण्यापायी एकदा चुकली, तेव्हापासून ती न सांगताच जायला लागली.

मला हे सगळं वेडेपण वाटायचं आणि मी तोंडावर सांगायचे. माझा स्वभावच तसा आहे, पोटात एक आणि ओठात एक मला जमत नाही. सपातांचं, फुलांचं मी हसण्यावारी नेलं. पण डब्याच्या सवालावरून मात्र आमचं एकदा चांगलंच वाजलं.

हळद शिजवायचा हंगाम होता. एक बाई कढईतलं उकळतं पाणी पायावर सांडून भाजली होती. तिला रिक्षात घालून दुसरी बाई घेऊन आली. दोघी एकाच गावच्या, बरोबरीच्या वयाच्या, मजुरीला जोडीनं जायच्या. भाजलेलीनं नवरा कधीच सोडला होता आणि दोघी कितीतरी वर्षांपासून एका घरात राहत होत्या. डॉक्टरांनी नेहमीचा सवाल केला. दुसरी म्हणाली, मीच आणणार, दुसरं कोण आहे? आणि ती आणायची. सकाळी भाकरी आणि पिठलं, संध्याकाळी खिचडी. ड्रेसिंगच्या वेळी पहिली ओरडायला लागली की हिच्या दंडाला धरायची, हिचा दंड काळानिळा झाला होता.

दोन-तीन दिवसांनी भाजलेलीचा भाऊ आला. सोबत दोन माणसं. आल्या आल्या त्यानं त्या बाईला दटावलं, तू कोण लागतीस हिची, चल नीघ. तिनं डबा खाटेखाली सरकवला आणि भिंतीला लागून उभी राहिली. मी डॉक्टरांना बाजूला घेतलं. म्हटलं, सर, भाऊ तो भाऊ. उद्या काही कमीजास्त झालं तर हेच लोक येऊन काचा फोडतील आणि कायदाही त्यांच्याच बाजूनं असेल. आपल्याला ही तकलीफ कशाला? मी काही चुकीचं बोलत नव्हते. काचा फुटलेले दवाखाने मी पाहिले होते.

डॉक्टर भावासमोर गेले. आवाज चढवला नाही.

"डबा कोण आणणार?"

भाऊ म्हणाला, "आमी कामधंदा सोडून इथं कसं थांबावं? बायकोला धाडून बघतो."

"धाडा की. दोन डबे येतील, आमची हरकत न्हाई. पण हिचा बंद व्हायचा न्हाई."

भाऊ घुश्शात निघून गेला. त्याची बायको काही आली नाही. घरी सोडायच्या दिवशी तो केळी घेऊन आला, तोवर दोघी रिक्षात बसल्या होत्या. त्यानं केळी रिक्षात ठेवली. एवढं झालं.

मी डॉक्टरांना विचारलं, या दोघी एकमेकींच्या कोण? ते म्हणाले, "मी काहून विचारू? डबा येऊन राहिला ना." मग हात धुता धुता त्यांनी मला मिस्तरी आणि मास्तरांची गोष्ट सांगितली.

खारकीव्हला शिकताना डॉक्टर दोन माणसांच्या घरात भाड्यानं राहायचे. एक ट्रॉलीबस दुरुस्त करायच्या डेपोत मेकॅनिक. दुसरा संगीताच्या शाळेत पोरांना अकॉर्डियन, म्हणजे गळ्यात अडकवायची पेटी, शिकवायचा. ही नावं मावशीनं ठेवली, मिस्तरी आणि मास्तर. डॉक्टरांना तिकडून फोन आला की ती विचारायची, आज मिस्तरी आहे का मास्तर? मिस्तरी बोलघेवडा, अंगानं आडवा. मास्तर त्याच्यापेक्षा दहा-एक वर्षांनी मोठे, बारीक, सदा गळ्यात मफलर. बिल्डिंगमध्ये सगळे त्यांना मावसभाऊ म्हणायचे. ते मावसभाऊ नव्हते हे सगळ्यांना माहीत होतं, पण मावसभाऊ म्हटलं की जिन्यात नमस्कार करता यायचा. आपल्याकडंही असले मावसभाऊ असतात, मला सांगू नका.

डॉक्टर शिकत असताना मिस्तरीचं अपेंडिक्स फुटलं आणि तो हॉस्पिटलमध्ये पडला. नातेवाईकांशिवाय कुणाला आत सोडेनात. मिस्तरीची एकच बहीण, ती दुसऱ्या शहरात, आणि या दोघांमुळं तिनं बोलणं टाकलेलं. मास्तर रोज सूप करायचे, बरणीत भरायचे, फडक्यात गुंडाळायचे आणि हॉस्पिटलच्या फाटकापर्यंत यायचे. तिथून पुढं ती बरणी डॉक्टर आत न्यायचे. हे पोरगं परदेशी, पण अंगात पांढरा कोट, त्यामुळं याला कुणी अडवायचं नाही. "मी चार वर्सं ज्यांच्या घरी राह्यलो त्यातला एक आत, एक बाहेर. दोघांचं मधलं बोलणंबी मीच करायचो," डॉक्टर म्हणाले. मिस्तरी आतून विचारायचा, त्यानं मफलर घातलाय का? मास्तर बाहेरून विचारायचे, त्यानं सूप संपवलं का? बर्फ पडत होता आणि मास्तर फाटकाला धरून उभे असायचे. डॉक्टरांचा सवाल तिथून आला होता.

मी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग तुमचा डबा कोण आणणार, सर?" मी त्यांना कितीतरी दिवसांपासून स्थळं सुचवत होते. परभणीची एक डेंटिस्ट तर मला मनातून पसंत होती.

ते म्हणाले, "मेसवाला." आणि मग हात पुसत, माझ्याकडं बघून, "सिस्टर, मी तसाच हाय. मिस्तरी-मास्तरांसारखा. घरी म्हाईत न्हाई. तुमाला सांगून टाकतो."

आता यावर काय बोलतात ते मला कुणी शिकवलेलं नव्हतं. मी म्हटलं, "बरं. मग त्या डेंटिस्टला मी न्हाई म्हणून कळवते." ते इतके हसले की ओपीडीतला माणूस आत डोकावला. त्यानंतर आम्ही त्यावर फारसं बोललो नाही, पण मेसचा डबा मी बंद केला. माझ्या डब्यात दोन भाकऱ्या जास्त टाकायला मला काही कष्ट पडत नव्हते.

डॉक्टर दरवर्षी वडलांच्या आडतीतली हळद खारकीव्हला पाठवायचे. मास्तर त्या हळदीनं त्यांच्या सणाला अंडी रंगवायचे आणि फोटो पाठवायचे. मावशी म्हणायची, एवढी चांगली हळद अंड्याला लावतात, भाजीत घालत न्हाईत, काय माणसं आहेत.

मग लढाई सुरू झाली. टीव्हीवर आपल्याकडची पोरं बंकरमधून रडताना दिसायची, आणि डॉक्टरांचा फोन सारखा कानाला. मिस्तरी-मास्तर शहर सोडून कुठं गेले नाहीत. पहिल्या वर्षी मिस्तरी फुटलेल्या ट्रॉलीबस जोडत बसला. लढाईमुळं त्या दोघांनी घरात रशियन बोलायचं सोडलं, सगळं युक्रेनी भाषेत. डॉक्टरांना तर रशियनच बरी येत होती. म्हणून मग ते ओपीडीत कानात वायर घालून युक्रेनी शिकायचे आणि नाडी बघता बघता पुटपुटायचे. लोकांना वाटायचं, मंत्र म्हणतात. गुण येतो अशी बोलवा झाली, गर्दी वाढली.

नंतर मिस्तरीला सैन्यात घेतलं. मास्तरांनी साठी ओलांडलेली, त्यांना कुणी बोलावलं नाही. जायच्या आधी मिस्तरीला एकच घोर होता. उद्या मी कुठल्या हॉस्पिटलात पडलो तर यांना आत कोण सोडेल? मेलो तर यांना कोण कळवील? तिकडं दोन पुरुषांचं लग्न कायद्यात बसत नाही. असल्या जोडप्यांसाठी निदान नोंदणी तरी असावी म्हणून लोकांनी सह्या केल्या, सैनिकांनीही केल्या, कायद्याचा मसुदाही झाला. तो नुसता पडून. लग्नाचं घटनेत लिहिलेलं, आणि लढाई चालू असताना घटनेला हात लावता येत नाही, असं वरून सांगितलेलं. मी डॉक्टरांना विचारलं, आपल्याकडं कसं आहे? ते म्हणाले, गुन्हा होता तो काढला, लग्नाचं म्हणाल तर न्हाई. म्हणजे त्यांचं आणि आपलं सारखंच. मला आपलं उगाच वाटत होतं की गोऱ्या लोकांत हे सगळं कधीच सुधारून गेलं असणार.

हे ऐकून मावशी फरशी पुसायची थांबली. तिला सगळा मामला आधीच कळला होता, मला वाटायचं मीच एकटी शहाणी. ती म्हणाली, "हळद तर त्यांच्या घरात हाय. लावून टाका म्हणावं. हळद लागल्यावर कोण न्हाई म्हणतंय?"

मला वाटलं डॉक्टर हसतील. त्यांनी लगेच फोन लावला.

अशी ती हळद झाली. दुपारची ओपीडी आटोपल्यावर ड्रेसिंगच्या खोलीत, फोन सलाईनच्या स्टँडला बांधून. तिकडं स्वयंपाकघरात दोघं स्टुलांवर बसलेले, बशीत कालवलेली वसमतची हळद. आमच्याकडं नवरदेवाची उष्टी हळद नवरीला लावतात. मावशीला पेच पडला, इथं उष्टी कुणाची? डॉक्टर म्हणाले, दोघंही एकमेकाची लावतील. मग मिस्तरीनं मास्तरांच्या गालाला लावली, तीच बोटं स्वतःच्या गालाला पुसली, मास्तरांनी तसंच केलं. आमच्या घरांत हळदीला भीमगीतं म्हणतात, मी आणि मावशीनं तीच म्हटली. मास्तरांनी अकॉर्डियनवर आमचा सूर धरायचा प्रयत्न केला. आमचा सूर कुणालाच धरता येत नाही, तरी ते बिचारे वाजवत राहिले. मिस्तरी हसत होता आणि रडतही होता. मलाही भरून आलं, खोटं कशाला बोलू.

आता चूक झाली ती अशी. हळद लावल्यावर आधी तेल लावून पुसतात, मग अंघोळ, हे आपल्याला पाठ. त्यांना ते सांगायचंच राहून गेलं. आणि मिस्तरीनं हौसेनं तोंड, मान, हात सगळं माखून घेतलं आणि तसाच झोपला. दुसऱ्या दिवशी सैन्यात हजर झाला तो पिवळाजर्द. वरच्या अधिकाऱ्याला वाटलं, कावीळ. ही साथ पलटणीत नको म्हणून त्याला तपासणीला पाठवलं आणि रिपोर्ट येईपर्यंत घरी बस म्हणून सांगितलं. डोळे पांढरेशुभ्र, तरी कुणी ध्यानात घेतलं नाही. दोघांना आणखी चार दिवस मिळाले. मावशी सगळ्या बाळापूरला सांगत फिरायची की वसमतच्या हळदीनं लढाई थांबवली. लोक म्हणायचे, व्हय व्हय, मावशी.

रिपोर्ट आला आणि मिस्तरी लढाईवर गेला.

पुढची थंडी सरत आली होती. एका दुपारी ओपीडी भरलेली असताना मास्तरांचा फोन आला. मिस्तरीला तोफगोळ्याचे तुकडे लागले होते, दुसऱ्या शहरातल्या हॉस्पिटलात आणलं होतं, शुद्ध नव्हती. त्याच्या एका सोबत्यानं मास्तरांना कळवलं म्हणून कळलं तरी. सरकारी कळवणं बहिणीला गेलं होतं आणि ती अजून वाटेत. मास्तर पहाटेच्या गाडीनं पोचले आणि वॉर्डच्या दारात अडकले. तिथल्या सिस्टरनं विचारलं, पेशंटचं कोण? यांनी सांगितलं, मित्र. मित्रांना बाहेर.

डॉक्टर उठून ड्रेसिंगच्या खोलीत गेले, मी मागोमाग. ते मास्तरांना म्हणाले, फोन त्या सिस्टरला द्या. बरंच बोलले. मला भाषा कळत नव्हती, पण सिस्टर काय म्हणत असणार ते कळत होतं. तेच, जे मी त्या भाजलेल्या बाईच्या वेळी म्हणत होते. डॉक्टरांचा आवाज चिरकायला लागला, शब्द सापडेनात, मध्येच मराठी यायला लागलं. मी फोन काढून घेतला आणि म्हटलं, तुमी नुसतं तिच्या भाषेत करून सांगा, मी बोलते.

मी तिला सांगितलं की मीही सिस्टरच आहे. नियम मलाही ठाऊक आहे, मीही लोकांना बाहेर बसवते. पण या दोघांची हळद माझ्यासमोर झाली, मी गाणी म्हटली आहेत. डॉक्टरांनी सांगितलं. पलीकडून तिनं काही विचारलं.

"हळद म्हणजे काय, विचारते," डॉक्टर म्हणाले. "काय सांगू?"

"सांगा, लगीन लागलं म्हणून."

मग ती बोलली, डॉक्टरांनी सांगितलं, ती म्हणते कागद आहे का? मी म्हटलं, कागद न्हाई. तिला म्हणावं, एवढंच बघ, तुझ्या पेशंटचा डबा कोण घेऊन उभं हाय?

तिनं बघितलं असणार. मास्तरांच्या हातात फडक्यात गुंडाळलेली बरणी होती, आम्हाला ती नंतर कळली. बेशुद्ध माणसासाठी सूप, पण ते सूप घेऊनच निघाले होते. सिस्टर डॉक्टरांना म्हणाली, माझी ड्यूटी संध्याकाळपर्यंत आहे. तोवर हा माणूस आत बसेल. नंतरचं मला माहीत नाही.

मिस्तरी त्याच दिवशी गेला, तिची ड्यूटी संपायच्या आत. मास्तर खाटेशेजारी स्टुलावर होते आणि त्याचा हात त्यांच्या हातात होता. बहीण रात्री पोचली. देह तिच्या ताब्यात दिला, झेंडा तिला दिला, मातीच्या वेळी पुढं ती उभी राहिली. मास्तर मागच्या रांगेत, डेपोतल्या लोकांत. बहीण त्यांच्याशी बोलली नाही. त्यांच्या हातात जोडीची फुलं होती.

हे कळलं त्या दिवशी डॉक्टरांनी ओपीडी बंद केली नाही. प्रत्येकाला तोच सवाल विचारून सगळे पेशंट तपासले. शेवटचा माणूस गेल्यावर सपातांच्या फडताळाशेजारी जमिनीवर बसले आणि मला म्हणाले, "सिस्टर, मास्तरांचा डबा कोण नेणार?"

मी म्हटलं, शेजारीपाजारी असतील की. पण मला तेव्हाच कळलं होतं.

त्यांनी दवाखाना दुसऱ्या डॉक्टरांना चालवायला दिला. वडलांनी समजावलं, आईनं अन्नपाणी सोडलं, लोक म्हणाले डोकं फिरलं, जिथून पोरं पळून आली तिथं हा निघाला. जायच्या आदल्या दिवशी त्यांनी घरी सगळं सांगितलं, आपण कोण आहोत तेही. वडील उठून आडतीवर निघून गेले. पण दुसऱ्या दिवशी सकाळी आडतीतला माणूस हळदीचं पोतडं घेऊन दवाखान्यात आला, मालकानं दिली म्हणाला. डॉक्टरांनी त्यातली मावेल तेवढी बॅगेत भरली. स्टीलचा माझा चार पुडांचा डबाही त्यांनी मागून घेतला. निघताना आम्ही सगळे बसलो. मी, मावशी, अँब्युलन्सचा ड्रायव्हरही. कुणी घाई केली नाही. उठायची इच्छा कुणालाच नव्हती, शेवटी मावशीच म्हणाली, उठा, एसटी जाईल.

नवीन डॉक्टर चांगले आहेत, हुशार आहेत. सपाता त्यांनी काढून टाकल्या. ते विचारतात, पेशंटचं कोण? मी मागून हळूच विचारून घेते, डबा कोण आणणार? सही मात्र ते म्हणतील त्याचीच घ्यावी लागते. स्टूल माझ्या हातात आहे, ते मी डबेवाल्याला देते.

परवा दुपारी डॉक्टरांचा फोन आला. खारकीव्हहून, त्याच घरातून. त्यांना फणफणून ताप भरला होता, पांघरुणातून नुसतं नाक दिसत होतं. तिकडं ते एका दवाखान्यात मदतनीस म्हणून काम करतात, डिग्रीचे सोपस्कार अजून चालू आहेत. मी आधी चांगलं फैलावर घेतलं, गोळ्या घेतल्या का, पाणी पिता का. मग मला राहवलं नाही. मी मोठ्यानं विचारलं, "पेशंटचं कोण?"

फोन हलला आणि मफलर दिसला. मास्तर फार वाळले आहेत. त्यांनी माझा स्टीलचा डबा दोन्ही हातांनी वर धरून मला दाखवला, झाकणावर कोरलेल्या माझ्या नावासकट, आणि मराठीत म्हणाले, "मी."